अनेक सावकार, एक कुळ

इसवी सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस, त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या आणि आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील कुणबी जमले आणि त्यांनी गुजर वाण्यांची घरे व दुकाने फोडली. धान्य लुटले गेले, काही ठिकाणी आगीही लागल्या. परंतु त्या जमावाची खरी मागणी एकच होती, आणि ती म्हणजे सावकाराच्या पेटीतील खते, रोखे, गहाणखते आणि अदालतीचे हुकूमनामे आमच्या हवाली करा ही. पुढे पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांत हे लोण जेथे जेथे पोहोचले तेथे तेथे बहुधा असेच घडले की, ज्या सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले त्याच्या अंगाला कोणी बोट लावले नाही, आणि ज्याने नकार दिला त्याच्यावरच जमावाचा कोप झाला. सरकारने ९५१ माणसे पकडली, त्यांपैकी ५०१ जणांवर गुन्हा शाबीत झाला, आणि या सर्व प्रकाराची कारणे शोधण्यासाठी जो आयोग नेमण्यात आला त्याचा अहवाल महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकाला आजही टाळता येत नाही.

या दंग्यांची कारणे अनेकांनी अनेक प्रकारे सांगितली आहेत. कोणी साऱ्याच्या फेरआकारणीवर बोट ठेवतो, कोणी कापसाच्या मंदीवर, कोणी दिवाणी न्यायालयांवर. आणि या प्रत्येकात तथ्य आहे. परंतु या इतिहासाकडे पाहताना मला सर्वांत विचारार्ह वाटते ती गोष्ट अशी की, ज्या पंचवीस वर्षांत दख्खनच्या कुणब्याचे ऋण त्याला असह्य झाले त्याच पंचवीस वर्षांत त्याला ऋण देण्यास सिद्ध असलेल्यांची संख्या सारखी वाढत गेली होती. विक्रेते वाढले की माल स्वस्त होतो, हा बाजाराचा सामान्य नियम; मग कर्ज देणारे वाढल्यावर कर्ज स्वस्त का झाले नाही, आणि घेणाऱ्याची स्थिती सुधारण्याऐवजी अधिक विकल का झाली? गरिबांना लहान कर्जे देणाऱ्या संस्थांची आज जी चढाओढ चालली आहे तिच्याविषयी बोलताना हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर भीमथडी, शिरूर व इंदापूर या तालुक्यांच्या जुन्या दप्तरांत बरेचसे सापडते.

पेशवाईतही कुणबी ऋणमुक्त होता असे नाही. सरकारचा वसूल हप्त्याहप्त्याने भरावा लागे, पीक हाती येण्यापूर्वीच तगादा सुरू होई, आणि अशा वेळी गावचा वाणी किंवा कसब्यातील सावकार पुढे होऊन पाटलाच्या जामिनकीवर भरणा करी. बियाणे आणि पोटगीचे धान्य तो सवाईने किंवा दिढीने देई, लग्नकार्यासाठी रोकड देई, आणि खळ्यावर धान्य पडले की आपला वाटा उचलून नेई. त्याचा दर हलका नव्हता. त्याला दयामूर्ती मानण्याचे काहीच कारण नाही, आणि त्या काळाचे जे सुखद चित्र काही लेखक रंगवितात ते मला मान्य नाही. तथापि त्याच्या व्यवहाराला तीन मर्यादा होत्या. वसुलीसाठी त्याच्याजवळ तगादा, दारी धरणे आणि शेवटी पंचायत एवढीच साधने असत, आणि पंचायतीत बसणाऱ्या माणसांना त्या कुणब्याच्या शेतात काय पिकते व घरात खाणारी तोंडे किती हे ठाऊक असे. मिरासी जमीन कर्जापायी परक्याच्या नावावर चढणे गावकीला सहसा रुचत नसे. आणि दामदुप्पट ही तिसरी मर्यादा धर्मशास्त्रानेच घातलेली होती: व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नसे. परिणामी, कुणबी बुडाला तर सावकारही बऱ्याच अंशी बुडे, आणि म्हणून शेत जेवढे फेडू शकेल त्याच्या फार पलीकडे कर्ज देण्यास तो स्वतःच्या हितासाठी धजत नसे.

इंग्रजी अंमलाने या तिन्ही मर्यादा उखडल्या. हे त्याने दुष्ट हेतूने केले असे म्हणता येत नाही, उलट मालमत्तेचा हक्क निश्चित करावा आणि करार पवित्र मानावा या तत्त्वनिष्ठेनेच केले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून, १८३५ च्या पुढे, जी रयतवारी जमाबंदी बसविली तिने खातेदाराची जमीन विक्रीयोग्य व गहाणयोग्य ठरविली, म्हणजेच सावकाराला पूर्वी कधी नव्हते असे तारण मिळाले. १८२७ च्या पाचव्या रेग्युलेशनाने व्याजाला शेकडा बारांची मर्यादा घातली होती, ती १८५५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने काढून टाकली. १८५९ साली दिवाणी कामकाजाचा कायदा आला. त्याने हुकूमनामा मिळविणाऱ्याला कुणब्याची गुरे आणि घरदार जप्त करण्याचा, एवढेच नव्हे तर त्याला दिवाणी तुरुंगात टाकण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या फिर्यादीला तीन वर्षांची मुदत घातली. जुन्या, मेलेल्या दाव्यांतून रयतेची सुटका व्हावी हा या शेवटच्या कायद्याचा उद्देश होता. प्रत्यक्षात सावकाराने दर तीन वर्षांच्या आत कुणब्याला बोलावून, साचलेले व्याज मुद्दलात मिळवून, नवे खत लिहून घेण्याचा प्रघात पाडला, आणि प्रत्येक नव्या खतागणिक व्याज हेच मुद्दल झाल्यामुळे दामदुपटीचा नियम कागदोपत्री न मोडताही निरर्थक होऊन बसला. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक उदाहरण आयोगासमोर आले, ते याच युक्तीचे फळ होय. ज्या विंगेटने जमाबंदी घडविली त्यानेच १८५२ साली लिहून ठेवले होते की, सावकार आणि रयत यांचे पूर्वीचे परस्परावलंबन तुटत चालले असून एकाचा उत्कर्ष दुसऱ्याच्या नाशावर उभा राहत आहे. त्याच्या इशाऱ्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

आता या नव्या व्यवस्थेचा सावकारीच्या धंद्यावर काय परिणाम झाला ते पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते सर्व प्रकरणाचा मर्मभाग येथे आहे. पूर्वी कर्ज देण्यासाठी माणूस ओळखावा लागे. त्याची नियत, त्याची विहीर, त्याचे भाऊबंद आणि त्याच्यावरील अन्य देणी यांचा अंदाज असावा लागे, आणि हे ज्ञान एका पिढीत येत नसे. आता माणूस ओळखण्याचे प्रयोजन राहिले नाही. खत पुरेसे होते. अंगठा उठविलेला कागद मुन्सफाच्या कचेरीत नेला की काम झाले, कारण समन्स पोहोचले तरी बिचारा कुणबी कचेरीची पायरी चढण्याचे टाळी आणि दावा एकतर्फी निकाली निघे. अशा रीतीने जो धंदा अनुभवाच्या व प्रतिष्ठेच्या बळावर चाले तो थोडक्या भांडवलावर कोणालाही करता येऊ लागला. मारवाडातून आणि गुजरातेतून आलेले, प्रथम दुकानात कारकुनी केलेले आणि मग स्वतंत्र झालेले लहान सावकार गावोगाव बसले. स्वतःजवळ फारसे नसले तरी ते मोठ्या पेढीकडून कमी दराने रक्कम उचलत आणि खेड्यात चढ्या दराने लावत. अशा माणसाला वाईट वर्षी थांबता येत नसे, कारण त्याच्या मागे त्याचा धनको उभा असे. आणि जुना वाणी, ज्याला थांबता आले असते, तोही थांबेना. कारण आपण थांबलो तर दुसरा आधी हुकूमनामा मिळवील, आणि ज्याची जप्ती आधी त्याची वसुली आधी असाच तेव्हाचा कायदा होता. एकाच जोडी बैलांवर तिघांचे डोळे लागले म्हणजे तिघांपैकी सर्वांत उतावळा जो असेल त्याच्याच गतीने उरलेल्या दोघांना धावावे लागते.

म्हणजे स्पर्धा होती, आणि ती तीव्र होती. परंतु ती दराची नव्हती. कुणब्याला वर्षाच्या व्याजाचा आकडा सहसा कळतच नसे, त्याला कळे ते एवढेच की मृगाच्या आधी बियाण्याला पैसे कोण देतो आणि किती देतो. म्हणून सावकारांनी एकमेकांवर मात केली ती अधिक रक्कम देऊन, अधिक तत्परतेने देऊन, आणि अधिक घाईने वसूल करून. शिवाय प्रत्येकाचे खाते त्याच्या वहीत बंद असे. या कुणब्यावर दुसऱ्याचे किती येणे आहे हे विचारण्याची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती. एका कुळाचे एकंदर ऋण किती, हा जो या व्यवहारातील सर्वांत आवश्यक आकडा, तो सावकाराला ठाऊक नव्हता, न्यायाधीशाला ठाऊक नव्हता, आणि अनेकदा खुद्द कुळालाही ठाऊक नव्हता.

या आगीत तेल पडले ते अमेरिकेतील यादवी युद्धाचे. १८६१ पासून चार वर्षे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मुंबईत सोन्याचा धूर निघाला, आणि त्या समृद्धीचा ओघ रेल्वेच्या मजुरीच्या व गाडीभाड्याच्या रूपाने घाटावरच्या कोरडवाहू तालुक्यांपर्यंत आला. भाव चढले, जमिनीची किंमत चढली, आणि कुणब्याची पत तिच्या बरोबरीने चढली. कर्ज कोणीही देऊ लागला. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग पुरा झाला आणि तेथील मजुरी संपली. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. १८६७ पासून इंदापुरापासून आरंभ करून तीस वर्षांच्या जुन्या आकारणीच्या जागी नवी व भारी आकारणी येऊ लागली. दिलेले कर्ज चढत्या पतीवर दिले होते, परतफेड उतरत्या भावात करावयाची होती. मग जे सावकार काल अहमहमिकेने देत होते तेच आज अहमहमिकेने मागू लागले, आणि साऱ्याचा हप्ता भरण्यासही त्यांनी हात आखडता घेतला. आयोगाने ज्या गावांची पाहणी केली तेथे सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात रुतलेले आढळले. त्यांचे कर्ज त्यांच्या वार्षिक साऱ्याच्या सरासरी अठरापट होते, आणि त्याचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग जमिनीच्या गहाणावर होता.

दंग्यापूर्वी बहिष्कार झाला होता, हे पुष्कळांना माहीत नसते. शिरूर तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस एका मारवाडी सावकाराने तेथील देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळविला व त्याच्या घरावर टाच आणली, तेव्हा गावाने सावकारांशी व्यवहार तोडला; नोकर काम सोडून गेले, न्हाव्याने आणि परटाने पाठ फिरविली. काही गावांनी सावकाराची जमीन कोणी कसू नये असे लेखी करारच केले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. लोकांचा रोष परप्रांतीय सावकारांवर उतरला, आणि त्याच गावांतील जे ब्राह्मण सावकार तोच धंदा करीत होते ते बहुतेक ठिकाणी वाचले. त्यामुळे पुढे कित्येकांनी हा प्रश्न मारवाड्यांच्या दुष्टपणाचा म्हणून मांडला. हे मांडणे अन्यायाचे आहे. नवागत सावकार जातीने लोभी होता म्हणून तसे वागला नाही. ज्या कायद्याने ओळखीशिवाय कर्ज देणे निर्धास्त केले आणि थांबणाऱ्याला शिक्षा केली, त्या कायद्याखाली कोणत्याही जातीचा मनुष्य तसाच वागला असता, आणि वागलाही.

सरकारने यावर जो उपाय केला तो म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. न्यायाधीशाने खतावर विसंबून न राहता त्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, हप्ते बांधून द्यावेत, कर्जापायी कुणब्याला कैद करू नये, खते गावच्या नोंदणी कामगारासमोर व्हावीत, अशी त्याची कलमे होती. आणि खतामागे जाऊन पाहण्याचे हे तत्त्व त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते यात शंका नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून कित्येक वर्षे काम केले. पण कायद्याने वाट अडविली की व्यवहार आडवाट काढतो. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागले, जमीन परत देण्याचे वचन तोंडी राहिले, आणि ज्याला संरक्षण द्यावयाचे त्याच्याच जमिनीचे स्वामित्व कागदोपत्री आधीच गेलेले असे.

याहून मूलगामी उपाय विल्यम वेडरबर्न यांनी रानडे आणि पुण्यातील पुढाऱ्यांच्या साहाय्याने सुचविला होता, आणि तो अमलात आला नाही याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल एक शेतकी बँक काढावी, परंतु बँकेने एक रुपयाही देण्यापूर्वी त्या तालुक्यातील प्रत्येक ऋणकोचे सर्व जुने कर्ज मोजावे, तडजोडीने ठरवावे, सरकारच्या उसन्या रकमेतून फेडून टाकावे, आणि मग त्या मोकळ्या पाटीवर नवे कर्ज लिहावे, अशी ती योजना होती. हिंदुस्थान सरकारने ती उचलून धरली. लंडनच्या भारतमंत्र्यांनी १८८० च्या दशकातच ती नामंजूर केली. नवा सावकार आणून जुन्यांशी स्पर्धा लावण्यापूर्वी एकंदर ऋणाची मोजदाद झाली पाहिजे, ही दृष्टी त्या योजनेत होती, आणि आपल्याकडील ऋणविषयक विचारात ती इतक्या स्वच्छपणे क्वचितच पुन्हा आली. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या आल्या, त्यांनी महाराष्ट्रात पुढे मोठे कार्य केले. तरीही अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने १९५१-५२ साली हिशेब घेतला तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के सावकाराकडूनच येत होते आणि सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता.

दख्खनच्या या कथेचे दुसरे प्रकरण सव्वाशे वर्षांनंतर तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात घडले, आणि त्यात कुणब्याच्या जागी मजुरी करणारी, शिवण चालविणारी, एखादी म्हैस पाळणारी स्त्री होती. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ पासून जोब्रा गावी केलेल्या प्रयोगातून जी रीत निघाली, म्हणजे पाच बायकांचा गट, एकमेकींची जबाबदारी, आठवड्याचा हप्ता आणि तारण मुळीच नाही, ती रीत १९९० नंतर हैदराबादच्या काही संस्थांनी उचलली. नंतर त्या संस्थांचे कंपन्यांत रूपांतर झाले. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्यास आरंभ केला होता, आणि आंध्र सरकारने स्वतःच गावोगाव गट उभारून त्यांच्या बँककर्जावरील व्याजाचा बहुतेक भार उचलला होता. अशा रीतीने एकाच वस्तीत सरकारी गट, दोनतीन कंपन्या आणि जुना सावकार हे सर्व एकाच वेळी कर्ज देण्यास उभे राहिले.

येथे जमीन तारण नव्हती, मग सावकाराला निर्धास्त करणारी वस्तू कोणती? ती होती शेजारणीची भीड. एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या चौघींनी भरावयाचा, आणि तो भरेपर्यंत बैठक उठावयाची नाही, या नियमामुळे वसुली शेकडा नव्व्याण्णवाच्या घरात राहू लागली. ज्या भांडवलाला असा परतावा दिसतो ते भांडवल धावत येते. पहिल्या कंपनीने महिनोन्‌महिने बैठका घेऊन जो गट बांधला त्याच गटाला दुसरी कंपनी एका दुपारीत कर्ज देऊ लागली. ओळख करून घेण्याचे श्रम तिला पडले नाहीत, जसे नव्या सावकाराला मुन्सफाच्या कचेरीमुळे पडत नव्हते. कर्मचाऱ्याचे वेतन आणि बढती नव्या कुळांच्या संख्येवर ठरू लागली. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून आणि दुसरीचा तिसरीच्या कर्जातून फिटू लागला, आणि तोवर प्रत्येक कंपनीच्या वहीत तीच स्त्री उत्तम कुळ म्हणून नोंदलेली राहिली. २००६ साली कृष्णा जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांनी कंपन्यांच्या सुमारे पन्नास शाखा बंद केल्या, तेव्हाच पहिली खूण दिसली होती. परंतु विस्तार थांबला नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यांतील सर्वांत मोठ्या कंपनीचे भाग शेअरबाजारात आले, आणि ऑक्टोबरच्या मध्यास, ऋणकोंच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी राज्य हादरलेले असता, आंध्र सरकारने वटहुकूम काढून आठवड्याचा हप्ता आणि घरापुढची वसुली बंद केली. त्यानंतर त्या राज्यात वसुली जवळजवळ पुरती थांबली. ज्यांनी कष्टाने वेळेवर फेडले होते त्या बायकांनाही मग नवे कर्ज मिळेना, आणि पुष्कळ घरे पुन्हा जुन्या सावकाराच्या दारी गेली. ही हानी कंपन्यांच्या ताळेबंदात दिसत नाही म्हणून ती लहान ठरत नाही.

स्पर्धेमुळे कधीच काही भले होत नाही असे माझे म्हणणे नाही. बोलिव्हियात गरिबांना कर्ज देणाऱ्या संस्था वाढल्या तसा व्याजाचा दर खरोखरच खाली आला. पण तेथेही बेसुमार कर्जवाटप करणारे नवे सावकार शिरले, १९९९ पासून परतफेड कोलमडली, आणि २००१ साली चिडलेल्या ऋणकोंनी ला पाझ येथील बँक-नियामकाच्या कचेरीचा ताबा घेतला. दर उतरला आणि तरी ऋणको बुडाला, असे दोन्ही एकत्र घडू शकते. ऋणाचा बाजार कापडाच्या बाजारासारखा नाही, कारण तेथे मालाची खरी किंमत घेतल्यानंतर, आणि तीही दुसऱ्यांनी त्याच घराला काय दिले आहे त्यावर ठरते.

आंध्रानंतर रिझर्व्ह बँकेने मालेगाम समिती नेमली. २०११ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला, आणि त्यावरून अशा दोनच कंपन्यांनी एका कुळाला कर्ज द्यावे, एकंदर कर्ज पन्नास हजारांच्या आत असावे आणि व्याज शेकडा सव्वीसांहून अधिक नसावे, असे नियम झाले. पतमाहिती ठेवणाऱ्या संस्थांकडे प्रत्येक कर्जाची नोंद होऊ लागली. १८७५ साली कोणालाच ठाऊक नसलेला एकंदर ऋणाचा आकडा काही अंशी तरी प्रथमच दिसू लागला, आणि या एका सुधारणेचे मोल मी फार मानतो. मात्र गावच्या सावकाराचे, दुकानदाराचे आणि नातलगाचे देणे त्या नोंदीत येत नाही, आणि पुष्कळ घरांत तेच आधी फेडावे लागते. २०२२ च्या एप्रिलपासून दराची कमाल मर्यादा आणि कंपन्यांच्या संख्येची अट ही दोन्ही गेली. त्यांच्या जागी कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये असा दंडक आला. दंडक योग्य आहे. पण ते उत्पन्न लिहून घेणारा मनुष्य हा कर्ज देणाऱ्याचाच मनुष्य आहे, आणि चुकीचे लिहिल्याचा भुर्दंड आजही देणाऱ्याच्या आधी घेणारीवर पडतो. हे जोवर उलटत नाही तोवर सावकारांची संख्या वाढवून गरिबाचे हित साधेल असे मानण्यास इतिहासात आधार नाही. २०२४ साली थकबाकी पुन्हा वाढू लागली, तेव्हा या कंपन्यांच्या स्वनियामक संस्थेनेच एका कुळाला चारांहून अधिक कंपन्यांनी कर्ज देऊ नये असे आपल्या सभासदांना बजावले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती मर्यादा तीनवर आणली.